क्लचमावशीचा विजेवरचा डाव

त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला कुणीही नावाने हाक मारत नसे. शिकायला येणारे सगळे तिला क्लचमावशी म्हणत आणि त्याला तिचं तोंडच कारण होतं. "क्लच, क्लच! अहो, आधी क्लच दाबा, गियर काय मुळासकट उपटताय!" हे सकाळी पहिल्या शिकवणीला जे सुरू होई ते संध्याकाळी गाडी आवारात लागेपर्यंत. शेजारी बँकेतला साहेब बसलेला असो की कॉलेजातली पोरगी, तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, क्लच दाबणारी आणि न दाबणारी. पहिल्या प्रकारची माणसं तिच्याकडे येतच नसत, कारण त्यांना गाडी आधीच येत असे.

शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मावशीचा उजवा पाय अर्धं आयुष्य त्या ब्रेकच्या वर बोटभर अंतरावर तरंगत राहिला होता. त्या पायाची पोटरी डाव्या पायापेक्षा टणक झाली होती. बसमध्ये बसली की ड्रायव्हरच्या आधी हीच जमिनीवर पाय दाबायची. घरी जेवताना नवऱ्याने मिठाची बरणी जरा जोरात सरकवली तरी टेबलाखाली तिचा पाय खाली जायचा. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शब्दांच्या बाबतीत तो जरा कंजूषच होता, पण एवढं मात्र न चुकता विचारायचा, "थांबली का गाडी?"

गाडी मात्र तिची नव्हती, मालकाची होती. टपावर मालकाचं नाव, सीट फाटलेली, टायर घासून गुळगुळीत झालेले आणि एसी "उद्याच दुरुस्त करू" या बोलीवर कित्येक उन्हाळे बंद. मावशीला स्वतःची गाडी हवी होती. छोटीशीच, पण दोन ब्रेकची, आणि टपावर तिची स्वतःची पाटी. पाटीचा रंगही ठरला होता, पिवळ्यावर काळी अक्षरं. त्यासाठी ती वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकत आली होती आणि आता थोडक्यासाठी अडलं होतं. अजून दोनेक वर्षं कळ काढली की झालं, असं ती स्वतःला सांगायची. पण माणसाचं मन असं चमत्कारिक असतं की वीस वर्षं मुकाट्याने थांबलेली बाई शेवटच्या दोन वर्षांना नेमकी उतावीळ होते.

उतावीळ व्हायला मालकाने हातभार लावला. एक दिवस तो सहज बोलावं तसं बोलून गेला, "पुढच्या वर्षी विजेची गाडी घेऊ या. तिच्यात ना क्लच ना गियर. स्टिअरिंग धरलं की झालं. शिकवायचं काम निम्म्यावर येईल बघ." काम निम्म्यावर आलं की पगाराचं काय होतं, हे मावशीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून रस्त्यात विजेची गाडी दिसली की तिचा जीव जळायचा. आवाज न करता शेजारून सर्रकन निघून जायची मेली, चोरासारखी.

याच सुमाराला तिच्याकडे विमावाला शिकत होता. विमावाला म्हणजे विम्याचा एजंट, चाळिशीतला, डोक्यावर चांगलंच चांदणं पडलेला. कित्येक महिने शिकूनही त्याला गाडी येत नव्हती, कारण बोलायला त्याला दोन्ही हात लागत आणि ते स्टिअरिंगवर अडकवून ठेवणं त्याच्या जिवावर येई. मावशीने विजेच्या गाड्यांच्या नावाने बोटं मोडली तेव्हा तो हसला.

"मावशी, चिडताय कशाला? विजेच्या गाड्यांची जी कंपनी तुमच्या पोटावर पाय देतेय, तिच्याच पैशावर पोट भरा की."

"म्हणजे काय करू? तिच्या कारखान्यात झाडू मारू?"

"शेअर घ्या हो तिचा. सकाळी घ्यायचा, दुपारी विकायचा. सांभाळत बसायची भानगडच नको. हा शेअर एका जागी बसतच नाही मुळी. कंपनीचा मालक सकाळी काहीतरी बोलतो, भाव वर. दुपारी दुसरंच बोलतो, भाव खाली. मधल्या मध्ये आपण आपलं काढून घ्यायचं."

गाडी बाजूला घ्यायला लावून त्याने फोनवर भावाची रेघ दाखवली. मावशी बघतच राहिली. रेघ एकदम उसळी मारत होती, गचका खाऊन खाली येत होती, जरा रखडत होती आणि पुन्हा उसळत होती. नवशिक्याच्या हातातली गाडी अशीच तर चालते! असल्या गाड्या सांभाळणं हाच आपला धंदा, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिथेच घात झाला. चूकसुद्धा माणूस आपापल्या धंद्याप्रमाणे करतो. शिंप्याला त्या रेघेत टाके दिसले असते आणि तो मुकाट्याने घरी गेला असता.

विमावाल्याने तिला स्टॉपलॉसही शिकवला. भाव अमुक एका आकड्याच्या खाली आला की शेअर आपोआप विकला जावा, अशी सूचना आधीच देऊन ठेवायची. "अगंबाई, हा तर माझ्याच बाजूचा ब्रेक," मावशी म्हणाली आणि तिची उरलीसुरली भीतीही गेली.

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. पहिल्या शिकवणीच्या आधी आवारात उभं राहून ती शेअर घ्यायची आणि दुपारच्या आत विकून मोकळी व्हायची. नफा चहापाण्यापुरताच असायचा, पण स्वतःच्या गाडीचा एखादा नट, एखादा बोल्ट आपण आज कमावला या विचाराने तिला दिवसभर उत्साह असायचा. फक्त तिचं चित्त कुठे म्हणून लागेना. कपातला चहा तसाच गार व्हायचा. शिकणारा वळण घेत असला तरी हिच्या डोळ्यांसमोर रेघच वळायची. कंपनीच्या कारखान्यात आग लागल्याची बातमी आली की हातातला डबा तसाच राहायचा. तासाभराने कळायचं, आग नव्हती, नुसता धूर होता, की लगेच छाती वर. दिवसातून किती वेळा तिचा जीव टांगणीला लागायचा आणि किती वेळा भांड्यात पडायचा याला धरबंधच राहिला नाही.

आणि तिने रस्ता बदलला. आधी ती नवशिक्यांना गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायची. आता सगळ्यांना बाजाराच्या रस्त्याने न्यायला लागली, कारण त्या रस्त्यावर पावलापावलावर सिग्नल होते. दिवा लाल झाला की गाडी थांबायची आणि मावशीला फोन बघायला मिळायचा. ज्या बाईने जन्मभर लाल दिव्याला शिव्या घातल्या, ती आता लाल दिव्याची वाट बघू लागली. हिरवा दिवा लागला की चिडायची. मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "सिग्नलचा सराव चांगला होतोय पोरांचा. छान, छान!"

नवऱ्याने एकदा विचारलं, "कुणाशी भांडण झालंय का?"

"नाही. का हो?"

"जेवताना ताटाकडे बघत नाहीस."

तिने विषय बदलला. आता सांगायचंच नाही, एकदम गाडी दारात उभी करून सांगायचं, असा तिचा बेत होता. पैसे दोघांच्या खिशातून साठले होते हे ती विसरली नव्हती. पण चांगली बातमी द्यायची असली की माणूस तेवढ्यापुरता विसरतो.

पुढे स्टॉपलॉसने तिला दोनदा दगा दिला. भाव जरासा खाली आला, सूचनेप्रमाणे शेअर विकला गेला आणि तिने हात झटकायच्या आत भाव वर गेला तो थेट आभाळाला टेकला. दुसऱ्या खेपेला तर ती गाडीतच रडकुंडीला आली. विमावाला कपाळावर हात मारून म्हणाला, "मावशी, तुमचा पाय ब्रेकवरून निघतच नाही हो! अशाने कसली गाडी होणार तुमची?"

ते तिला फार लागलं. सावधपणाबद्दल तिला आजवर कुणी बोल लावला नव्हता.

तिच्याकडे त्या वेळी सिस्टरही शिकत होत्या. हॉस्पिटलात नर्स, वय मावशीपेक्षा थोडं कमी, हात इंजेक्शन देताना स्थिर आणि स्टिअरिंगवर लटलट कापणारे. हॉस्पिटल त्यांना घरोघरी जाऊन रुग्ण बघण्याचं काम देणार होतं, म्हणजे वॉर्डातल्या रात्रपाळ्यांतून सुटका. पण त्यासाठी लायसन हवं होतं आणि परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. कारण उघड होतं. प्रत्येक वळणाआधी त्या चोरून मावशीच्या बुटाकडे बघायच्या. मावशीचा पाय ब्रेकवर आहे ना, मग बरं. परीक्षेला शेजारी मावशी नसायची आणि सिस्टरांचा धीर सुटायचा.

अशांसाठी मावशीची एक रीत होती. शिकणारा तयार झालाय असं वाटलं की एके दिवशी ती काही न बोलता पाय ब्रेकवरून मागे घेऊन सीटखाली दुमडायची, डोळे मात्र रस्त्यावर आणि हात हँडब्रेकवर. आवारात परत आल्यावर सांगायची, "आज माझा पाय ब्रेकवर नव्हताच. सगळी फेरी तुमची." ते ऐकून माणसाचा चेहरा असा काही फुलायचा की या नोकरीत पगाराहून मोठं काही असेल तर तेच, असं मावशी म्हणायची. सिस्टरांचा तो दिवस अजून आलेला नव्हता.

मग कंपनीच्या नव्या गाडीचा दिवस उजाडला. स्वस्तातली विजेची गाडी कंपनीचा मालक त्या दुपारी जगाला दाखवणार होता. सकाळपासून भाव चढत होता. मावशीने साठवलेलं सगळं त्यात घातलं. शेअरचा दलाल दिवसभरापुरता पदरच्या पैशांच्या चौपट किमतीचा माल उधारीवर घेऊ देतो, बाजार बंद व्हायच्या आत तो विकावा लागतो. मावशीने चौपट घेतला. आणि स्टॉपलॉस लावला नाही. "बघू दे एकदा, पाय काढून काय होतं ते," असं ती स्वतःशीच पुटपुटली.

दुपारी सिस्टरांची शिकवणी होती. बाजाराच्या रस्त्यावर पहिल्या सिग्नलला मावशीने बघितलं, भाव वर. दुसऱ्या सिग्नलला आणखी वर. गाडी जवळजवळ पुरी झाली होती. टप, पाटी, पिवळा रंग, सगळं. आता विकावं का? जरा थांबावं? दिवा हिरवा झाला. सिस्टर चक्क क्लच दाबून, गियर टाकून निघाल्या आणि मावशीने आयुष्यात पहिल्यांदा चालत्या गाडीत मान खाली ठेवली. एवढा एक आकडा, मग विकते. एवढा एकच.

गचका बसला. मावशीचं कपाळ समोर आपटता आपटता वाचलं, फोन हातातून उडून सीटखाली गेला आणि गाडी बंद पडली. समोर, बंपरपासून वीतभर अंतरावर, खोक्यांनी भरलेली हातगाडी ढकलणारा माणूस उभा होता. उभ्या टेम्पोच्या आडून तो अचानक पुढे आला होता.

"डोळे फुटले काय?" तो ओरडला.

सिस्टरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले होते आणि दोन्ही पाय एकाच ब्रेकवर. क्लच अर्थातच दाबलेला नव्हता. मावशीचा पाय? तो जागच्या जागी ब्रेकवर तरंगत होता, वर्षानुवर्षं तरंगत आला तसाच. त्याने काहीही दाबलं नव्हतं. बसमध्ये उगाच दाबणारा, जेवताना दाबणारा तो पाय नेमका या वेळी नुसता तरंगत राहिला होता.

मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. मावशीने गाडी बाजूला घ्यायला लावली. सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प बसण्याला मावशी इतकी घाबरली की तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बघितलंत? माझा पाय नव्हता. मी मुद्दामच काढून घेतला होता. ब्रेक सगळा तुमचा. जमलं तुम्हाला, सिस्टर!"

सिस्टरांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. "हो का?" म्हणाल्या.

फोन शोधायला मावशी सीटखाली वाकली तेव्हा बरीच मिनिटं निघून गेली होती. कंपनीच्या मालकाने मंचावरून सांगितलं होतं, गाडी छान आहे, पण ती पुढच्या वर्षी मिळेल. एवढंच वाक्य. भाव धोंड्यासारखा खाली येत होता. तेव्हा विकला असता तरी बरंचसं वाचलं असतं. पण तिला वाटलं, येईल वर, मघाशी इतका वर होता की! शिकवणी अर्धवट सोडून ती आवारात गाडीत एकटीच बसून राहिली आणि बाजार बंद होताना दलालाने नियमाप्रमाणे तिचा माल मिळेल त्या भावाला विकून टाकला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो चष्मा काढून पुसत बसला. पुष्कळ वेळ पुसत बसला.

"किती गेले?"

"निम्म्याहून जास्त."

"मी आज पाटीवाल्याकडे गेलो होतो," तो म्हणाला. "पिवळ्यात दोन रंग आहेत म्हणाला. तुला विचारून सांगतो म्हटलं."

मावशी ढसाढसा रडली. नवरा उठून तिच्या मागे उभा राहिला, खांद्यावर हात ठेवून, आणि त्याने तिला एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पैशांचं तिने सगळं सांगितलं, अगदी चौपट मालापर्यंत. हातगाडीवाल्याचं मात्र सांगितलं नाही. ते ओठापर्यंत आलं आणि तिने गिळलं.

त्यानंतर तिने शेअरला हात लावला नाही. विमावाल्याने "आता स्वस्त झालाय, मावशी" म्हणून जीभ उचलली तेव्हा तिने त्याला रिव्हर्समध्ये इतक्या फेऱ्या मारायला लावल्या की त्याची मान दुखायला लागली. नवशिके पुन्हा मोकळ्या रस्त्यावर जाऊ लागले. पण तिची तगमग गेली नाही. उलट, आता रेघ नव्हती, भाव नव्हता, तरी तिचं मन ठिकाणावर नसायचं. कोपऱ्यावर एखादा टेम्पो उभा दिसला की तिचा पाय खाडकन खाली जायचा. शिकणारे वैतागून म्हणायचे, "मावशी, अहो, रस्ता मोकळा आहे!"

सिस्टर उरलेल्या शिकवण्यांना आल्या. त्या आता मावशीच्या बुटाकडे बघेनाशा झाल्या होत्या. आरसे बघायच्या, टेम्पोच्या आडोशाला वेग कमी करायच्या. मावशीला वाटलं, खोटं का होईना, पण लागू पडलं. औषध कडू असलं तरी रुग्ण उठून बसला ना! तिसऱ्या खेपेला सिस्टर पास झाल्या.

नवीन काम सुरू झाल्यावर एका दुपारी त्या हॉस्पिटलची गाडी घेऊन आवारात आल्या, एकट्याच. मावशी दोन शिकवण्यांच्या मध्ये बाकावर बसली होती. सिस्टरांना बघून तिला खरंच आनंद झाला. ती उठून पुढे गेली, गाडीच्या टपावर थाप मारली.

"बघा, म्हटलं नव्हतं मी? त्या दिवशी मी पाय काढला तेव्हाच कळलं होतं मला, की तुम्ही तयार झालात."

सिस्टर गाडीतून उतरल्या नाहीत. काच पूर्ण खाली केली.

"मावशी, तुम्ही फोन बघत होता."

मावशीचा टपावरचा हात खिडकीच्या कडेवर आला.

"सिग्नल सुटला तेव्हापासून बघत होता. मी दोनदा तुमच्याकडे बघितलं. तुमचं लक्ष नाही हे मला कळलं, म्हणून मग मी रस्त्याकडे बघितलं. दुसरं कोण बघणार होतं?"

"मग... मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणार होते. पण तुम्ही म्हणालात, जमलं तुम्हाला. तसं मला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं हो. खोटं होतं, पण मला हवं होतं. परीक्षा होईपर्यंत ते मोडायचं नाही असं ठरवलं." सिस्टर थोडं थांबल्या. वॉर्डात नातेवाइकांना काही सांगायचं असलं की त्या अशाच थांबत असाव्यात. "माझी मुलगी पुढच्या महिन्यात अठराची होतेय. तिला शिकायचंय. तुम्ही मला चांगलं शिकवलंत, मावशी, ते मी विसरणार नाही. पण तिला मी तुमच्याकडे पाठवणार नाही. हे पाठीमागे करण्यापेक्षा तोंडावर सांगावं म्हणून आले."

मावशीच्या मनात पुष्कळ काही दाटून आलं. शेअर आता सोडलाय, पैसे गेले, गाडी गेली, त्याची शिक्षा मिळाली, पुन्हा असं होणार नाही. सगळं खरं होतं. मग तिच्या डोळ्यांपुढे ती न बघितलेली मुलगी आली, स्टिअरिंगवर हात आवळून बसलेली, हिच्या बुटाकडे चोरून बघणारी. खिडकीच्या कडेवर ठेवलेला हात तिने उचलून घेतला.

"नका पाठवू," मावशी म्हणाली.

सिस्टरांनी मान हलवली, क्लच दाबला, गियर टाकला. गाडी जराही न अडखळता फाटकाबाहेर पडली आणि वळण घेऊन रहदारीत मिसळली. मावशी आवारात उभी राहिली. आतून मालकाने हाक मारली, पुढची शिकवणी आली होती, आणि ती दोन हाका होईपर्यंत जागची हलली नाही.